तत्त्वज्ञान विभाग, पटसंख्या एक

आमचं कॉलेज एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये भरायचं. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी मिळून शिक्षण संस्था काढली, तेव्हा एवढी मोठी पक्की इमारत गावात दुसरी नव्हतीच. सत्तरच्या दशकात मी तिथे लिपिक म्हणून लागलो. घर आसगावला, धानाची शेती. नोकरी करणारा घरातला मी पहिलाच. वरठीला खोली केली होती आणि रोज पाऊण तास सायकल मारत कॉलेजात जात होतो.

धानाच्या मोठ्या गोदामात फळ्यांच्या भिंती घालून कला शाखा बसवली होती. मराठीच्या तासात इतिहास ऐकू यायचा आणि इतिहासाच्या तासात अर्थशास्त्र. पोती शिवायच्या पडवीत वाणिज्य शाखा होती, बॉयलरच्या खोलीत रसायनाची प्रयोगशाळा. यंत्रं काढून कितीतरी वर्षं झाली होती, तरी वारा सुटला की छपराच्या पत्र्यांतून कोंडा झरायचा. मुलींच्या वेण्यांवर, हजेरीपटावर, माझ्या टाइपरायटरवर.

सगळ्यात शेवटी, मागच्या अंगणापलीकडे, तत्त्वज्ञान विभाग होता. त्या खोलीला लागून दोन खोल सिमेंटच्या टाक्या होत्या. उकड्या तांदळासाठी पूर्वी त्यांत धान भिजत घालायचे. आता त्या कोरड्या होत्या. खोलीत कोणी बोललं की आवाज टाक्यांत उतरायचा आणि जरा उशिरानं खालून वर यायचा.

विभाग म्हणजे एकच प्राध्यापक. बिनलग्नाचा, शांत माणूस, एकेक वाक्य तोलून बोलायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, "समजलं का?" त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाला तीन विद्यार्थी होते. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत सर गावी गेले आणि तिथेच काविळीनं वारले. सुटीनंतर दोन मुलं इतिहासाकडे गेली. तिसरी एक मुलगी होती, मोहाडीकडची. तिच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. आईवडील शेतमजुरी करायचे; सर स्वतः त्यांच्या घरी जाऊन तिला पुढे शिकू द्या म्हणून सांगून आले होते. ती कुठे गेली याची चौकशी आम्ही ऑफिसातल्या कोणी केली नाही. विभाग बंद झाला असं आम्ही धरून चाललो.

डिसेंबरात विद्यापीठाची समिती येणार होती. कायम संलग्नीकरणाचा प्रश्न होता. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "कॉलेजचा इतिहास आणि विभागवार माहिती तयार करा. कोणता विभाग कधी सुरू झाला, प्रमुख कोण, किती विद्यार्थी, किती तास झाले. काही सुटता कामा नये."

मी सगळ्या विभागांचे हजेरीपट मागवले. शिपायानं गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. तत्त्वज्ञानाचा पट त्यात सर्वांत वर होता. सहज उघडला. दिवाळीनंतरचे सगळे तास भरलेले होते. तारीख, शिकवलेला भाग, उपस्थित एक. अक्षर सरांचं. उभं, बारीक, 'र'ची शेपटी लांब ओढलेलं. ते अक्षर मी रोज पाहत होतो, चूक होणं शक्य नव्हतं. फक्त सहीची जागा प्रत्येक तासाला कोरी होती.

शिपाई म्हातारा माणूस, मिलमध्येही त्यानं काम केलं होतं. मी त्याला विचारलं, "हा पट कोठून आणला?"

"त्याच खोलीतून जी. टेबलावर होता."

"तिथं कोण असतं?"

तो म्हणाला, "तास चालू राहते ना बाबूजी. सर शिकवून राहिले. मी घंटा देतो अन् तिकडे पाहत नाही. तुमी बी जाऊ नोका."

मी गेलो. तिसरा तास होता, भर दुपार, ऊन लख्ख पडलेलं. अंगणात धान वाळवायच्या ओट्यावर एकही माणूस नव्हता. खोलीजवळ पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. सावकाश, तोललेली वाक्यं. मग थांबणं. मग, "समजलं का?"

आणि थोड्या वेळानं, खालून आल्यासारखं, "हो सर."

मला परत फिरावंसं वाटलं. शेवटी दार ढकललं.

पहिल्या बाकावर ती मुलगी एकटी बसली होती. फळ्यावर ताज्या खडूनं विषय लिहिलेला. टेबलामागची खुर्ची जरा मागे सरकवलेली, कोणी नुकतंच उठून उभं राहावं तशी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या खुर्चीकडे पाहिलं. परवानगी विचारल्यासारखं.

"तास संपाले दहा मिनिटं आहेत जी," ती म्हणाली.

"कोणाशी बोलून राहिली होती?"

"वाचून राहिली होती. मोठ्यानं वाचलं का ध्यानात राहते."

"अन् हा पट? हे अक्षर?"

"माझं आहे. दोन वर्षं सरांच्या वह्या उतरून घेतल्या. तसंच पडलं. सही नाही केली मी. ती खोटी झाली असती."

मला हायसं वाटलं. एवढंच होतं तर! विषय बदलला असता तर तिचं वर्ष वाया गेलं असतं, आणि घरचे दुसऱ्यांदा पाठवणार नव्हते. तास बंद पडले तर विभाग बंद पडेल, म्हणून ती एकटी रोज तास भरवत होती. सरांच्या भावानं त्यांची टिपणवही तिला देऊन टाकली होती. ती बाकावर उघडी होती. मी वाकून पाहिलं. सरांचं लिखाण एका पानावर अर्ध्या वाक्यातच तुटलं होतं. दिवाळीची सुटी लागली होती तिथे.

शेजारी तिची स्वतःची वही होती. तिच्यात ते वाक्य पुरं झालं होतं आणि त्यापुढे चाळीसएक पानं लिहिलेली होती.

"हे पुढचं कुठून आणलं?"

ती मान खाली घालून म्हणाली, "पुढचं सर सांगतेत. मी लिहून घेते."

मी तिथून थेट ग्रंथालयात गेलो. तिथे त्या विषयाचं एकच पुस्तक होतं, इंग्रजीतलं. ते कोणी नेल्याची नोंद नव्हती. छापखान्यातून आल्यासारखी पानंही जोडलेलीच होती, कापलेली नव्हती; म्हणजे ते कोणी उघडून वाचलंच नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "विभागप्रमुख म्हणून सरांचं नाव राहू द्या. ते गेल्याचं कळवलंय कोणी विद्यापीठाला?" मी रात्रभर नव्हे, पण जेवणाच्या सुटीभर विचार केला आणि नावापुढे 'दिवंगत' असं टाइप केलं. विद्यार्थी एक, तास नियमित. ते माझ्यावर फार चिडले, पण दुसरी प्रत करायला वेळ उरला नव्हता.

त्या एका शब्दामुळेच समितीतले ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हा विभाग आधी पाहू."

ते आत गेले. सगळ्यांना वाटलं, खुर्चीत बसतील. त्यांनी खुर्चीला हात लावला आणि काढून घेतला. शेवटपर्यंत उभेच राहिले. तिची वही मागून घेतली, तुटलेल्या वाक्यापासून पुढे बरीच पानं वाचली.

"हे कोणी लिहिलं, बेटा?"

"मी लिहिलं जी."

"आणि सांगितलं कोणी?"

तिनं त्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बाहेर आल्यावर प्राचार्यांना म्हणाले, "या मुलीची परीक्षा होईपर्यंत विभाग बंद करायचा नाही. शिकवायला माणूस द्या."

जानेवारीपासून भंडाऱ्याहून एक तरुण अर्धवेळ प्राध्यापक आठवड्यातून दोनदा येऊ लागले. पहिल्याच तासानंतर ते माझ्या टेबलाशी येऊन बसले, पाणी मागितलं. म्हणाले, "मी वाक्य बोललो की ती आधी दुसरीकडे कान देते. मग माझं लिहिते." पुढचे तास त्यांनी ग्रंथालयात घेतले. तिनं तक्रार केली नाही.

ती द्वितीय श्रेणीत पास झाली. विभाग त्याच उन्हाळ्यात बंद झाला.

ऐंशीच्या दशकात एकदा वरठी स्टेशनवर ती दिसली. गोंदियाकडे एका कॉलेजात शिकवत होती. तब्येत भरली होती, चष्मा लागला होता. खूप बोललो. गाडीला उशीर होता, म्हणून शेवटी धीर करून विचारलं, "खरंच सर सांगत होते?"

ती हसली नाही. "मले ऐकू येत होतं," ती म्हणाली. "परीक्षेचा शेवटचा पेपर लिहिला अन् बंद झालं. मी किती दिवस वाट पाहिली. घरचे घाबरले होते, मले बाहेरचं लागलं म्हणत होते. मले तर उलटं वाईट वाटत होतं." मग तिनं माझ्या मुलांची चौकशी केली, कोण कितवीत आहे ते विचारून घेतलं, आणि धाकटीला वाचायची आवड आहे म्हटल्यावर पिशवीतून एक कोरी वही काढून माझ्या हातात दिली.