हातमोज्याचं माप

इथे परदेशात, श्रूजबरीत, आज सकाळी बर्फ काढायला फावडं उचललं, तर जाड हातमोज्यातला हात दांड्याच्या कडीत शिरेना. नात हसली, "आजोबा, टेक इट ऑफ ना!" मी मात्र त्या कडीकडे बघतच राहिलो.

साठ वर्षं झाली असतील. सीमेवर लढाई पेटली होती आणि मी तोफांच्या कारखान्यात नवखा ड्राफ्ट्समन होतो. पायदळासोबत डोंगरावर न्यायची एक जड तोफ आम्ही घाईघाईनं तयार करत होतो. तिचे भाग सुटे करून जवानांनीच वाहून न्यायचे, म्हणून प्रत्येक भागाला उचलायच्या कड्या होत्या. वजन वाचावं म्हणून मी त्या अगदी बेतशीर आखल्या होत्या आणि शाबासकीही मिळवली होती.

चाचणीला पायदळातले, साताऱ्याकडचे एक हवालदार आले. ऑक्टोबरचं ऊन, तापलेल्या लोखंडाला ग्रीसचा वास. त्यांनी खिशातून ठिकठिकाणी रफू केलेले लोकरीचे हातमोजे काढून शांतपणे चढवले आणि कडीत हात घालून दाखवला. बोटं मधेच अडकली.

"सायब, वर बर्फ असतोय."

आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिलाच नव्हता. मी ओशाळलो. त्यांनी एक हातमोजा काढून माझ्या हातात ठेवला. "ह्याच्या मापानं करा. माझ्याकडं दुसरी जोडी हाय."

कड्या रुंद झाल्या. हवालदार त्याच आठवड्यात आघाडीवर गेले. हातमोजा माझ्याकडेच राहिला.

दुसरी जोडी आहे, हे तेव्हा मला सहज पटलं होतं. इथले चाळीस हिवाळे काढल्यावर आता पटत नाही.