फुफ्फुसाची रेषा आणि रामसिंगकाकांची लेंगी

आमच्या अभ्यासात रिपोर्ट कमी आणि किस्से जास्त जमलेत. चहाला बसलं की एक निघतो, त्यामागून चार येतात! काम साधं होतं. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांच्या अंगावर चिनी वैद्यकातल्या, प्राणशक्ती वाहून नेतात म्हणे अशा रेषा मोजायच्या. मनगटाला, घोट्याला मशीनचं ओलं टोक टेकवायचं आणि आकडा बघायचा. त्या रेषांचा धापेशी खरंच काही संबंध आहे का, तेच शोधायचं होतं. डॉक्टर शर्वरी मॅडम पुण्याच्या, मी इथलीच यवतमाळची फिजिओथेरपिस्ट.

पहिल्याच दिवशी मॅडमनी राळेगावच्या एका आजोबांना समजावलं, "फुफ्फुसाची रेषा छातीतून निघते आणि अंगठ्याला संपते."

आजोबा अंगठा न्याहाळत म्हणाले, "तरीच म्हनलं, रेशनच्या मशीनवर माहा अंगठा काहून उठत नाही! वरूनच सप्लाय बंद हाय!"

तुलनेसाठी निरोगी माणसंही लागायची. एका पेशंटने बायकोलाच आणलं. तिचं सगळं उत्तम निघालं. मॅडमनी अभिनंदन केलं, तर बाई उखडल्या! "काहीच नाही? म्हंजे आता पानीबी मीच भरू?" नवरा इतका हसला की त्यालाच धाप लागली. त्याची मोजणी पुढच्या आठवड्यावर गेली.

मोजायच्या जागांवर आम्ही पेनाने ठिपके काढायचो आणि बजावायचो, पुढच्या वेळेपर्यंत पुसू नका. शेवंताबाई कापूस वेचणाऱ्या, घामात ठिपके टिकणार कसे? पुढच्या खेपेला त्या आल्या त्या थेट गोंदवून! बोरी अरबच्या बाजारात, दोन्ही हात, दोन्ही पाय. शिवाय दंडावर एक मोर.

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो, मोर कशाला?"

"ठिपके तुमच्यासाठी, मोर माह्यासाठी!"

पण सगळ्यांचे लाडके रामसिंगकाका. बंजारा तांड्यावर होळीला लेंगी गातात, त्यात काका पुढचे गाणारे. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे झेलतात. धापेमुळे दोन होळ्या काका नुसते बसून होते. दर वेळी एकच प्रश्न, "मॅडम, यंदा गाता येईन का?"

"काका, आम्ही रेषा फक्त मोजतो," मॅडम खरं ते सांगायच्या. मग मी काकांना श्वासाचा व्यायाम दिला. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळू सोडायचा. काका ओसरीवर मन लावून करत बसले, तर काकू बाहेर येऊन ओरडल्या, "या वयात कोनाले चुम्मा देऊन राह्यले?"

होळीला काकांनी आम्हाला तांड्यावर बोलावलं. शेजारच्या तांड्याचे गाणारेही आले होते. डफ घुमला. काका उठले आणि पहिली ओळ अख्खी म्हणाले! मग थांबले. काकांनी ओठांचा चंबू केला, "फूऽऽ!"

मागून सगळा तांडा, "फूऽऽ!"

ओळ, डफ, फूऽऽ. ओळ, डफ, फूऽऽ. बायका, पोरं, काकू, सगळे! मला हसूही येत होतं आणि रडूही.

गाणं पूर्ण झालं. शेजारच्या तांड्याचे नायक मॅडमपाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, आमच्याबी तांड्यावर या ना. आमचा गानारा लय तगडा हाय, थांबतच नाही. त्याले जराशी धाप शिकवा!"