नल्लकुंट्याच्या कैरीचा आंतरराष्ट्रीय खटला

सुट्टीत गोवा पक्कं होतं. तेवढ्यात हैदराबादहून काकांचा फोन. "शेजारच्या राव गारूंशी संबंध तोडलेत. कैरीचा वाद. त्रयस्थ न्यायाधीश हवा, तू ये." काका आंतरराष्ट्रीय कायद्याचे निवृत्त प्राध्यापक, घरात एकटे. राव गारूंशी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रावसाहेबांशी, दोस्ती तुटली तर माणूस बोलणार कुणाशी? गोवा गेलं खड्ड्यात, म्हटलं, आणि पुण्याहून गाडी पकडली.

सिकंदराबादहून ऑटो केली. "अंदर रोड खोद को रखे, मैं नै आता," म्हणत ऑटोवाल्याने नल्लकुंट्याच्या कोपऱ्यावरच उतरवलं. जाणार असाल तर बॅग हलकी ठेवा.

आंब्याचं झाड काकांच्या अंगणात, एक फांदी राव गारूंच्या हद्दीत आणि त्या फांदीवर मोजून एक कैरी. माझी खुर्ची कुंपणाच्या भिंतीला टेकवलेली.

"पण मी तर काकांची पुतणी," मी राव गारूंना सांगून पाहिलं.

"छोटी थी तो हमारे घर खाती थी ना? फिर हमारी बी है."

न्यायाधीशाने एकाच पक्षाचा पाहुणचार घ्यायचा नाही, असं काकांनी बजावलं. म्हणून काकांचे पोहे संपताच भिंतीवरून पेसरट्टू आला, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा. दुपारी जेवणंही दोन. कपडे सैलच न्या.

"मूळ माझ्या भूमीत," काका म्हणाले.

"कचरा मेरी भूमी में," राव गारू.

मी निकाल दिला, अर्धी-अर्धी. राव गारूंनी विळी आणली, काकांनी तिखटमीठ. दोघांनी फोडी चाखत निकाल अमान्य केला.

"मग मला बोलावलंत कशाला?" माझं डोकंच फिरलं.

"आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नसतो, बाळ. शेजाऱ्यांना शेजारीच राहायचं असतं, म्हणून तो चालतो."

निघताना दोघांनी एकमेकांकडे न बघता एकेक बरणी दिली. "इसीच झाड का है," राव गारू पुटपुटले.

घरी येऊन बरण्या उघडल्या. काकांचं गुळाचं लोणचं, राव गारूंची आवकाय, म्हणजे मोहरी घातलेलं झणझणीत आंध्र लोणचं. दोन्ही छान मुरलेली. म्हणजे सगळ्या कैऱ्या मी जायच्या कितीतरी आधी गुपचूप वाटून झाल्या होत्या. भांडण नव्हतंच. एक कैरी तेवढी माझ्यासाठी ठेवली होती. राग आला आणि रडूही आलं.

फोन लावला. "काका, खटला खोटा होता ना?"

मागून राव गारूंचा आवाज आला, "पूछो, फिर कब आती?"

काकांनी घसा खाकरला. "अपील दाखल झालंय. दिवाळीत सुनावणी."

झाडावर तेव्हा कैरी नसणार. तिकीट काढलंय.