कोथिंबिरीवरचा कर

कुवेतच्या रिग्गई भागातल्या त्या घरात गांजा हा शब्द काढायला बंदी होती. बंदी राजनने घातली होती आणि पद्मजाला ती पाळणं अवघड होतं, कारण तिचं कामच ते होतं. नाशिकला ती बँकेत होती. राजन इंजिनिअर म्हणून कुवेतच्या तेलाच्या कारखान्यात लागला तेव्हा तिने नोकरी सोडली. पुढे पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरबसल्या करू लागली. अमेरिकेतल्या लहानसहान शहरांनी अमुक कर लावला तर वर्षाला उत्पन्न किती येईल, याचा अंदाज बांधून द्यायचा. आधी पार्किंग झालं, मग हॉटेलं झाली. यंदा एका नगरपालिकेला गांजाच्या दुकानांवर स्थानिक कर बसवायचा होता. तिकडे तो दुकानात मिळे. इथे चिमूटभर सापडला तरी तुरुंग, आणि वर मायदेशी रवानगी. म्हणून पुण्याच्या कंपनीतल्या जुईलीशी फोनवर बोलताना दोघी त्याला कोथिंबीर म्हणत.

"काय तलाठीणबाई, झाली का पीकपाहणी?" राजन जेवताना विचारी. आदित्य, त्यांचा कॉलेजातला मुलगा, ताटात बघून हसे.

काम तिला आवडे. शहरात ओढणारे किती हे पाहणीतून कळतं, पण लोक खरं सांगत नाहीत, म्हणून आकडा वाढवून धरायचा. मग कर चुकवायला गल्लीतल्या चोरट्या विक्रेत्याकडेच जाणारे वजा करायचे. नगरपालिकेला दहा टक्के हवे होते. पद्मजाचं म्हणणं, सहाच्या वर गेलात की गिऱ्हाईक पुन्हा गल्लीत शिरेल आणि उत्पन्न उलट घटेल. जुईली म्हणे, मॅडम, त्यांना मोठाच आकडा आवडतो.

एका शुक्रवारी दुपारी ती याच तक्त्याशी झटत होती, तेव्हा राजन खालून धापा टाकत वर आला. गाडीच्या कप्प्यात सिगारेटचं पाकीट सापडलं होतं आणि त्यात हशीशचा तुकडा, त्याच झाडाचा काळा चिकट गोळा. गाडी आदित्य वापरी.

राजनने विचारलंही नाही. टेबलावरचा स्टीलचा थर्मास उचलला आणि सोफ्यावर पडलेल्या मुलाच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पद्मजाला आतल्या खोलीत ऐकू आला. ती धावत आली तोवर राजनने पट्टा काढला होता. कोणाकडून घेतोस, असं तो विचारत होता आणि मुलगा आपलं नाही म्हणत होता. नाही म्हटलं की पट्टा, पुन्हा नाही की पुन्हा पट्टा, आता बकलाच्या बाजूने. आदित्यचा कान फाटला. पद्मजा मध्ये पडली तर बक्कल तिच्या मनगटावर बसलं आणि हात लुळा पडला.

मग आदित्य उठला. बापापेक्षा तो वीतभर उंच होता. त्याने राजनचा गळा धरला आणि त्याला काचेच्या कपाटावर आदळलं, एकदा आदळून थांबला नाही. काचा फुटल्या, राजनच्या डोक्यातून रक्ताची धार लागली. त्याला तसाच टाकून आदित्यने गाडीची किल्ली उचलली. या अवस्थेत तो रस्त्यावर गेला की पोलीस धरणार नाहीतर हशीश विकणारा त्याला आपल्याकडे ठेवून घेणार, हे तिला दिसत होतं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मूव्ह, आई."

"कोणाकडून ते मी विचारत नाही," ती म्हणाली. आवाज पाहणीवाल्यांसारखा, सपाट. "गेल्या महिन्यात किती दिवस ओढलीस, एवढंच सांग."

त्याने रक्त गिळलं. मग म्हणाला, "रोज."

या उत्तरात वाढवून धरण्यासारखं काही नव्हतं. ते ऐकून राजन काचांमधून पट्टा घेऊन उठला. पद्मजाने पडलेला थर्मास चांगल्या हाताने उचलला आणि त्याच्या बोटांवर मारला. पट्टा गळून पडला.

"आता मारलंत तर तो परत कधी खरं बोलणार नाही," ती म्हणाली. "चला, दोघंही गाडीत बसा."

इस्पितळात प्रणिता ड्यूटीवर होती, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारी रत्नागिरीची नर्स. तिने तिघांकडे पाहिलं, पडदा ओढला आणि हळूच म्हणाली, "काकू, जिन्यावरनं पडले असं लिहू का? पोलिसांपर्यंत काही जाणार नाही."

राजनने घाईघाईने मान हलवली. पद्मजाने मुलाकडे पाहिलं. व्यसन सोडायला स्वतःहून उपचाराला आलेल्याला पोलीस सोडतात असं तिने ऐकलं होतं, पण परदेशी माणसालाही सोडतात का, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. जिना लिहिला की आज सगळे वाचणार होते. उद्या मात्र आदित्य पुन्हा त्या विकणाऱ्याच्या गल्लीत आणि राजनच्या हातात पुन्हा पट्टा.

"बापाने मारलं," ती म्हणाली. "मुलाने बापाला मारलं. आणि मुलगा रोज हशीश ओढतो. तिन्ही लिही."

प्रणिताचं पेन तसंच थांबलं होतं. आदित्यने नाकावरचा बोळा काढला आणि तिच्यापुढे हात करून म्हणाला, "ब्लड टेस्ट करा. मी इथेच थांबतो."