तळेघरची वाट आणि मागचा डावा पाटा

जुन्नरजवळच्या आमच्या वाडीतून त्या दिवशी सकाळी दोन गाड्या निघाल्या. एक माझी पांढरी मोटार, मागच्या सीटवर आणि डिकीत कांद्याची पोती दाबून भरलेली. दुसरी यष्टी. तिच्यात बसली माझी बायको शेवंता. दोघांना जायचं होतं एकाच घरी.

साल अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असावं. शेवंताचा धाकटा भाऊ किसन, त्यानं तळेघरला नवीन घर बांधलं होतं. त्याची वास्तुशांत होती.

मोटार मी मुंबईच्या एका शेटजीकडून जुनी घेतलेली. आमच्या वाडीतली पहिली मोटार. अक्षरं जुळवण्यापुरती शाळा शिकलेला माणूस मोटार कशी हाकतो, हे बघायला लोक बांधावर उभे राहायचे. पण शेवंता म्हणायची, मागं डावीकडं खाडखाड वाजतं. ऐकू मलाही येत असेल, पण माझ्या मोटारीला नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मागच्या खेपेला तळेघरात शिरलो तर त्या आवाजानं बाया दारात आल्या. एक म्हातारी म्हणाली, "भांडीवाला आला का काय?" शेवंताच्या माहेरात हे झालं.

त्याच दिवशी तिनं बजावलं, "ही वाजायची थांबंल तवाच मी हिच्यात बसंन."

तिचे गुडघे दुखतात. यष्टीतून उतरल्यावर किसनच्या घरापर्यंत टेकाड चढावं लागतं. पण बाई हट्टी. मी हट्टी नाही, माझं फक्त खरं असतं. निघताना तिनं एक सूट दिली, "तळेघरात मुकाट शिरून दाखवा, येताना बसते तुमच्या गाडीत."

मंचरला पोचलो. हायवेला ट्रकांची रांग, बाजारात बटाट्याचे ढीग. बटाट्याचं एक पोतं घेऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि गेलो बाबू मिस्त्रीकडं. त्यानं चाकं हलवून बघितली, मोटार एक चक्कर फिरवून आणली.

"तात्या, गाडी तर गुपचूप हाय. पन पोती उतरवा, मोकळी पळवून बघू."

"शुभकार्याला निघालेलं सामान वाटेत खाली ठेवत न्हाईत."

"कुनी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

"मग झालं. तुमच्या आईपुढं माझं काय चालनार!" त्यानं हात पुसले आणि चहा मागवला.

मी खूश. मिस्त्रीनंच निर्वाळा दिला होता.

घोडेगावच्या स्टँडवर शेवंता पुढच्या यष्टीची वाट बघत बसलेली दिसली. मी गरम भजी घेतली, तिच्यापुढं कागद धरला.

"बस की आता, बटाट्याचं पोतं टपावर टाकतो. मिस्त्री म्हनला, गाडी गुपचूप हाय."

"मी यष्टीनंच येनार."

"ती यष्टी काय कमी खडखडती का?"

"खडखडू द्या. यष्टी माझ्या नवऱ्याची न्हाई."

भजी मात्र तिनं सगळी खाल्ली.

डिंभ्याच्या पुढं रस्ता वर चढायला लागतो. धरणाचं पाणी डोंगराच्या घड्यांत घुसून बसलेलं, काठावर बगळे. वरच्या खाचरांत (भाताच्या बांधीव तुकड्यांत) कापणी उरकली होती. नव्या पेंढ्याचा वास काचेतून आत येत होता. मी एकटाच, पण तोंडानं शीळ घालत चाललो होतो. मोटार हूं का चूं करत नव्हती.

किसनच्या दारात थांबलो, तर कुणी बाहेर आलं नाही! मागाहून शेवंता गुडघे धरत पोचली आणि भावजयीला पहिलं हेच विचारलं, "आले का ह्ये वाजत?"

"न्हाई वन्सं, कवा आले कळलंबी न्हाई."

त्या दिवशी नव्या तांदळाचा भात, आमटी आणि गुळवणी मी सगळ्यांहून जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. शेवंता पदर सावरून, ओटीतला नारळ मांडीवर धरून मागं डावीकडं बसली. आळी निरोपाला उभी होती. मोटार हलली, पहिला खड्डा आला आणि, खाड्!

ती म्हातारी तिथंच होती. "आला गं भांडीवाला!"

लोक पोट धरून हसले. शेवंता उतरली. "मी चालले यष्टीला."

किसन डोकं खाजवत म्हणाला, "दाजी, काल तर वाजली न्हाई."

"काल पोती व्हती."

बोललो आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. किसन म्हणाला, "मंग भाताची पोती टाकू की! द्यायचीच हायेत." टाकली. मोटार पुन्हा गुपचूप. मी म्हणालो, बस.

शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजी दर खेपेला पोती घिऊनच फिरायचं? माझा भाऊ भात पिकवतो का तुमच्या गाडीला वजनं पुरवतो?"

पोती उतरवली. मी धोतर खोचून मोटारीखाली शिरलो. "किसन, मागनं दाब. सोड. दाब." तो दाबत-सोडत राहिला आणि मी पाट्यावर (चाकावरचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर) हात ठेवला. पाट्याचं मागचं टोक एका पिनेवर टांगलेलं असतं. त्या पिनेभोवतीचं रबरी बुश झिजून भुगा झालं होतं. वजन असलं की पाटा दबून बसायचा. मोकळा झाला की पिनेवर नाचायचा, खाड्!

आता तळेघरात बुश कुठून आणायचं? सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बघितला, पिळून बाहेर आला. किसन म्हणाला, "चामडं पायजे, जाड." आणि सगळ्यांनी माझ्या पायाकडं बघितलं.

माझ्या वहाणा जाड तळाच्या, करकरणाऱ्या, खास शिवून घेतलेल्या. मी म्हणालो, "ह्या न्हाईत मिळायच्या." शेवंता पिशवी उचलून टेकाडाच्या वाटेनं हळूहळू निघाली, एक हात गुडघ्यावर.

मी डाव्या पायातली वहाण काढून किसनच्या हातात दिली. "काप."

जॅक लावला, खाली लाकडाचा ओंडका रचला. चामड्याची पट्टी खुरासणीच्या (कारळ्याच्या) तेलात भिजवून पिनेभोवती गुंडाळली, ठोकून आत बसवली, नट आवळला. किसननं शेवंताला वळवून आणलं. रिकाम्या मोटारीत तिला बसवून गावाला एक चक्कर मारली. प्रत्येक खड्ड्याला ती कान टवकारायची. आवाज नाही.

मी भाताची पोती उचलायला सांगितली, तर ती म्हणाली, "आज न्हाई. मला मोकळ्या गाडीतनं जायचंय."

"माहेराहून रिकामं जायचं नसतं."

"ओटीत मूठभर तांदूळ हायेत. पोती न्यायला परत येऊ की. आता कुठं यष्टी शोधायचीय?"

मंचरला बाबू मिस्त्रीनं नवीन बुश बसवलं. जुनी चामड्याची पट्टी हातात धरून विचारलं, "तात्या, ह्ये कुनी बसवलं?"

"मी," म्हणालो. एक पाय अनवाणी होता, पण ताठ उभा होतो.

लोक फिरून आले की काय काय बघितलं ते सांगतात. मी सांगेन, जाताना ज्या वाटेवर शीळ घातली, त्याच वाटेनं येताना शेवंताची बडबड ऐकली. डिंभ्याचं पाणी, बगळे, भावजयीचं नवं घर, सगळं तिनं मला नव्यानं दाखवलं. मध्ये खाडखाड नव्हती म्हणून ऐकू आलं.

वाडीत शिरलो. आधी आमचा आवाज वेशीपासून कळायचा. आज आळी आपल्या कामात, एक माणूस बाहेर आला नाही. शेवंता मागं ताठ बसून ह्या दाराकडं बघ, त्या दाराकडं बघ करत होती. शेवटी तिनं माझ्या पाठीला बोट टोचलं.

"अहो, वाजवा की!"

"आता काय वाजवू?"

"हारन! मी मोटारीतनं आले, ते लोकांना कळायला नगं?"

मी हॉर्नवर हात ठेवला, तो आमचं दार येईपर्यंत काढलाच नाही.