शब्दाला पुरावा

आमच्या वन्संना गल्लीतली पोरं 'पुरावेबाई' म्हणतात. तोंडावर नाही, जिन्यात. पण जिन्यातलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि मी दिवसभर असते कुठे, तर स्वयंपाकघरात.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बावन्न वर्षांच्या. लग्न केलं नाही. सकाळी अर्धा दिवस शाळेत भाषा शिकवतात आणि दीडच्या ठोक्याला घरी हजर. कारण घरी आप्पा, माझे सासरे, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत. काही हवं असलं की त्या हाताने पलंगाच्या दांडीवर टणटण. घास घेतात तो फक्त लेकीच्या हातचा. मी भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटतात, एकदा तर वाटी माझ्या अंगावर उडवली. तेव्हा म्हटलं, मरो, मी काही परत हात लावत नाही. म्हणून वन्सं झोपतातही त्यांच्याच खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गादी टाकून. तिथे कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं.

पूर्वी वन्सं वाचनालयात मुलांचा वर्ग घ्यायच्या. आप्पा पडल्यापासून तो वर्ग आमच्या बाहेरच्या खोलीत आला. चार ते साडेपाच, अकरा पोरं, बावीस चपला आणि माझी दोन बिस्किटांची पाकिटं. वर्ग कसला, तर माणसं लिहायची. ओळखीचं एक माणूस घ्यायचं आणि ते वाचणाऱ्यापुढे उभं करायचं. 'चांगला', 'छान' आणि 'प्रेमळ' हे तीन शब्द या खोलीत बंद. वन्सं म्हणतात, हे शब्द कोणालाही बसतात, म्हणजे कोणालाच बसत नाहीत. दुसरा नियम असा की माणसाला शब्द लावायचा तर खाली पुरावा द्यायचा. त्याने काय केलं म्हणून हा शब्द?

काय एकेक शब्द शिकली हो ती कार्टी! चेंगट, खवचट, लाघवी, हेकट, धांदरट. एकाने लिहिलं, 'माझा मामा चिकट आहे. पुरावा : वाढदिवसाला दिलेलं पेन त्याने परत नेलं.' एकीने वॉचमनला तुसडा म्हटलं, तर वन्संनी तिला अर्धा तास पिळलं. तुसडा की अबोल? तो आपणहून बोलत नाही, की तू बोललीस तर अंगावर येतो? जा, बघून ये. ती खरंच खाली जाऊन बघून आली आणि म्हणाली, "बाई, नुसता अबोल आहे. मला खुर्ची दिली बसायला." आणि एका दीडशहाण्याने आमच्या यांच्यावर लिहिलं, 'काका मितभाषी आहेत. पुरावा : काकू थांबतच नाहीत.' सगळी खोली हसली, वन्सं तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसले, पण त्या दिवशी त्याला बिस्कीट दिलं नाही.

हसणं चालू असतानाच आतून टणटण झालं की वन्सं वाक्य तिथेच टाकून उठणार. पोरंही शहाणी, त्या परत येईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचं नाही.

तर गेल्या महिन्यात वन्संना एक पत्र आलं. लांबच्या एका गावात मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाईंना या वर्गाविषयी कुठून तरी कळलं होतं. त्यांनी लिहिलं, या, पूर्ण वेळ हेच शिकवा, राहायला स्वतंत्र खोली देऊ. शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवा.

रविवारी जेवताना वन्संनी ते पत्र ताटाशेजारी ठेवलं. म्हणाल्या, "असं आलंय." बस, एवढंच. यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. यांची ही जुनीच खोड, घोडं अडलं की माझ्याकडे बघायचं. आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, मी ताडकन म्हटलं, "छान आहे की! पण आप्पांचं कोण बघणार?" वन्सं उठल्या. ताटं उचलली, ओट्यावर नेली आणि घासायला घेतली. आमची दहा वर्षांची लेक तोंडात घास तसाच धरून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती.

आमची लेकही त्याच वर्गात बसते. त्या आठवड्यात वर्गाला लिहायला दिलं होतं, घरातलं एक माणूस. शुक्रवारी लेकीचं दप्तर आवरताना तिची वही हाती लागली. वर लिहिलं होतं, 'माझी आत्या'. खाली, 'आत्या सोशिक आहे. पुरावा : आत्याला दुसऱ्या गावच्या शाळेत बोलावलं. तिला जायचं होतं. पत्र तिने चार वेळा वाचलं, मी मोजलं. आई म्हणाली, आजोबांचं कोण बघणार. आत्या काही बोलली नाही. तिने भांडी घासली. माझं ताट तिने दोनदा घासलं.'

'सोशिक'वर लाल काट मारली होती. त्याच्या वर वन्संच्या अक्षरात 'भिडस्त' लिहिलं होतं, तेही खोडलेलं. त्याच्याही वर लिहिलं होतं, 'भित्री'. आणि समासात, 'पुरावा उत्तम. शब्द चुकला. दहापैकी नऊ.'

माझं डोकंच फिरलं. वही घेऊन तरातरा आतल्या खोलीत गेले. वन्सं आप्पांना कुशीवर वळवून चादर बदलत होत्या.

"वन्सं, हे काय? पोरीच्या वहीत असलं लिहायचं?"

त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. "तिचा पुरावा वाच ना नीट. सोशिक माणूस सोसतं, कारण त्याने सोसायचं मनाशी ठरवलेलं असतं. मी कुठे काय ठरवलं? मी नुसती गप्प बसले."

"मग बोलायचं होतंत! मी काय तुमच्या तोंडाला कुलूप लावलं होतं?"

"बोलले असते, आणि तू हो म्हणाली असतीस, तर?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तर मला खरंच जावं लागलं असतं गं. बावन्न वर्षांत मी एकटी कधी एस्टीत बसलेली नाही. परक्या खोलीत एकटी झोपलेली नाही. इथे गुदमरायला होतं, आणि तिकडे जायचं म्हटलं की भीती वाटते. दारात उभी मीच आणि दाराचं कुलूपही मीच."

इथे मी म्हणायला हवं होतं, जा. एका अक्षराचा शब्द. आप्पांना मी भरवीन, तोंड मिटलं तर मिटू दे, भूक लागली की उघडतील, तुम्ही जा. एवढं सगळं माझ्या मनात अगदी सरळ रांगेत उभं होतं, देवाशपथ होतं. पण मनातल्या मनात मी ती चिंचोळी गादीही बघितली, आणि तिच्यावर मला बघितलं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "तिकडून जरा ओढा, सुरकुती राहतेय."

शनिवारी वन्संच्या शाळेला सुट्टी. अकरा-साडेअकराला त्यांचा मोबाइल टेबलावर वाजला. त्या आत आप्पांना दुधात कुस्करलेला पाव भरवत होत्या. मी उचलला. निवासी शाळेच्या मोठ्या बाई होत्या, आवाज गोड. "आज बारापर्यंत कळवणार होत्या त्या. येतायत ना?"

समोर लेक गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर केली. तिचे ते डोळे बघून मला काय झालं कोण जाणे, मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हो तर! येतायत. सोमवारी निघतील."

आतला चमचा थांबला. वन्सं दारात आल्या, बोटं दुधाने माखलेली. त्यांनी दुसऱ्या हाताने फोन माझ्याकडून घेतला.

"मीच बोलतेय. माझी भावजय उत्साहाच्या भरात बोलून गेली. मला जमणार नाही. वडील आजारी आहेत." मग थोडा वेळ नुसतं ऐकलं. "नाही, पुढच्या वर्षीही नाही. दुसरं कोणी बघा."

फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता रागावतील, निदान विचारतील की कोणाला विचारून हो म्हणालीस. तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"तू हो म्हणालीस माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "एवढं मनापासून माझ्यासाठी कोणी कधी बोललं नव्हतं बघ."

आणि आत गेल्या.

मी तिथेच उभी. माझा जीव भांड्यात पडला होता. लाज वाटते, पण खरं तेच सांगते, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तोंडावर हसू आलं, आवरता आवरेना. मी घाईने तोंड फिरवलं, पण तोवर लेकीने ते बघितलं होतं.