पार्बताबाईंच्या विटा

पार्बताबाई वीट हातात घेत, तिच्या कडेवरून अंगठा फिरवत आणि मग तिला नावानं हाक मारत. "हे पाट्याची. हे उखळाची. हे डावकानी." नाव घेतल्याशिवाय वीट खाली ठेवायची नाही, हा त्यांचा नेम होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, उन्हानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांची एक लांबच लांब रांग बांधली जात होती. त्या भिंतींच्या विटा साध्या नव्हत्या. पांढऱ्याफटक, जड, आणि प्रत्येक जातीचा आकार वेगळा. कुठे जीभ, कुठे खोबण, कुठे आरपार भोक. प्रत्येक आकाराला एक नंबर. परदेशातून लाकडी पेट्यांतून त्या येत, आमच्या शेडमध्ये पेट्या फोडायच्या, नंबराप्रमाणे विटांचे चट्टे लावायचे आणि वरून गवंड्यांची मागणी आली की पाठवायच्या. हे काम एका ठेकेदाराकडे होतं आणि मी त्याचा कारकून. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला, विशीतला. पेटीवरचा नंबर वाचून चट्ट्याच्या पाटीवर खडूनं लिहिणं हे माझं काम. विटा वाहायला बारा रेजा होत्या, म्हणजे मजूर बाया. त्यांतल्या निम्म्या छत्तीसगढी, निम्म्या आमच्या विदर्भातल्या.

पार्बता रामटेके त्यांतल्या एक. वय पस्तिशीचं, गाव पवनीजवळचं, नवरा रेल्वेत गँगमन. नागपूरला दीक्षा घेऊन आल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून कोणासमोर मान खाली घालून बोलणं त्यांनी सोडलं होतं, असं त्या स्वतःच सांगत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाबू, या विटीचं नाव काय?"

"चौदा नंबर."

"ते नंबर झाला. नाव काय?"

"विटेला नाव नसतं, बाई."

"मग आमी ठेवतो," त्या म्हणाल्या आणि ठेवलीही. सगळीकडून टोचणारी जड वीट ती सासू. एका ओळीत एकच लागायची आणि फार जपून न्यावी लागायची तो जावई. छत्तीसगढी बायांनी आपली नावं घातली, एका वाकड्या विटेला त्या हँसिया म्हणत, म्हणजे विळा. महिनाभरात चट्टे इतके झटपट लागू लागले की माझा खडू मागे पडायचा. वरचे गवंडीसुद्धा खाली ओरडत, "दीदी, बीस जावई भेजो."

आमच्या मॅनेजरांना हे खपलं नाही. त्यांनी शेडमध्ये येऊन फर्मान काढलं, उद्यापासून फक्त नंबर, नावं घेणारीला कामावरून काढू. पार्बताबाई हातातली वीट तशीच धरून म्हणाल्या, "साहेब, नंबर तुमच्या वहीत हाय. आमच्यापाशी वही नाई. आमची वही डोक्यात हाय, ते कशी काढान तुमी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नावं आणखी मोठ्यानं घेतली. मॅनेजर शेडच्या दुसऱ्या टोकाकडून जाऊ लागले.

मग एक दिवस पेट्यांची नवी खेप आली. आधीच्या पेट्यांवर नंबर छापलेले असत, या खेपेवर ते ब्रशनं हातानं लिहिलेले होते. मी वाचले, सत्तावीस, सत्तावीस, सगळ्या सत्तावीस. दुपारी बघतो तर पार्बताबाईंनी दोन वेगळे चट्टे लावलेले.

"एकच नंबर आहे, एकत्र लावा," मी म्हटलं.

"एक नाई हे, बाबू. इचा कान डाव्या अंगाले हाय, तिचा उजव्या. पाहा."

कान म्हणजे कडेचा एक उंचवटा, नखाएवढा. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. माझ्या मागे आणखी चार पेट्या फोडायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं मला नंबर शिकवावा हे मला लागलं होतं. "नंबर म्हणजे नंबर," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि चट्टे एकत्र केले.

त्या विटा वर गेल्या. मसाल्याखाली कान दिसेना, गवंड्यांनी त्या लावून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तपासणीत आढळलं की वायूच्या वाटेची भोकं एकमेकांसमोर येत नाहीत. ओळच्या ओळ उखडावी लागली. वरून विचारणा झाली आणि मॅनेजरांनी संध्याकाळच्या आत एक हिंदी कागद तयार केला. आमच्या निष्काळजीपणानं विटांची मिसळ झाली, आम्ही आपल्या मर्जीनं काम सोडत आहोत, असं त्यात होतं. खाली बारा अंगठ्यांची जागा.

तो वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. मी वाचला. पहिली पार्बताबाईंची पाळी होती.

"हा अंगठा मी देत नाई," त्या म्हणाल्या.

"तुम लोगों को एक-दो पढ़ना नहीं आता," मॅनेजर म्हणाले, "गलती और किसकी होगी?"

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी वहीत पाहत राहिलो. मागे उभ्या अकरा बायांनी एकेक करून हात पदराखाली घेतले. मॅनेजरांनी उद्या सकाळी दहापर्यंतची मुदत दिली. अंगठा द्या, नाहीतर शेडमध्ये पाऊल ठेवू नका.

शेडमध्ये परतल्यावर मी त्या खेपेच्या रिकाम्या पेट्या पुन्हा पाहिल्या. परदेशातल्या लिहिणाऱ्याच्या एक या अंकाला वरून खाली झुकलेली लांब तिरपी रेघ होती, आपल्या इंग्रजी सातासारखी. त्याच्या खऱ्या सातावर मध्ये एक आडवी रेघ होती. ती मी ब्रशचा ओघळ समजलो होतो. अर्ध्या पेट्या एकवीस नंबरच्या होत्या.

ऊन उतरायच्या आधी मी मजुरांच्या कॅम्पात गेलो. चटईच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, पायाखाली लाल मुरूम. पार्बताबाई दारात भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी मला आत बसवलं आणि विचारलं, "आमच्या घरचं पाणी चालन का, बाबू? नसन चालत तं तसं सांगा. राग नाई मले." गावी असतो तर प्यालो नसतो. इथे लोटा उचलून प्यालो, आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायला भिंतीकडे पाहिलं.

भिंतीला एक फळी होती. फळीवर बोटाएवढ्या विटा मांडलेल्या, तळ्याच्या काळ्या मातीच्या, चुलीत भाजलेल्या. पाट्याची, उखळाची, सासू, जावई. शेडमधला एकही आकार सुटला नव्हता. जीभ जिभेच्या जागी, खोबण खोबणीच्या. दोन विटा जोडून पाहिल्या तर टचकन बसत.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नव्या बाया येते ना, त्यायले शिकवाले. मोठी वीट उचलून शिकाले गेलं तं हात दुखते, डोकं चालत नाई. लहान करून घरी शिकलं, का मोठी आपोआप ओळखू येते." चार घरं सोडून राहणारी, आमच्या शेडमधलीच रेजा फुलबासन रोज यायची आणि डोळे मिटून या विटा जोडायची, असं त्यांनी सांगितलं. आमच्या शेडमध्ये चुका का होत नव्हत्या, ते मला त्या दिवशी समजलं.

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे."

"माहीत हाय मले."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुले कसं समजलं, असं इचारलं असतं साहेबानं. मले तं अंक येत नाई. माझं खरं असून खोटं झालं असतं."

"उद्या मी सांगतो."

"सांगा, नाईतं नोका सांगू. ते तुमचं तुमी पाहा. तुमच्या भरवशावर मी तिथं उभी राहत नाई." त्यांनी हात धुतले आणि चुलीतला एक विझलेला कोळसा माझ्यासमोर ठेवला. "मले आत्ता अंक शिकवा."

मी सारवलेल्या जमिनीवर शून्यापासून नवापर्यंत अंक काढले. मग पेटीवरचा तो एक आणि तो सात. त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे या एकाचं नाक लांब हाय, अन् सातानं कंबरपट्टा घातला हाय," त्या म्हणाल्या. दिवेलागणीच्या आत त्यांनी सगळे अंक पाठ केले. शेवटी माझ्याकडे न बघता त्यांनी एकवीस आणि सत्तावीस लिहिले, दोन्ही तऱ्हांनी.

सकाळी दहाला बारा जणी मॅनेजरांच्या टिनाच्या ऑफिसात उभ्या राहिल्या. पार्बताबाईंच्या काखेत पेटीची दोन झाकणं होती. त्यांनी ती टेबलावर आडवी टाकली, माझ्या खिशातला खडू न विचारता काढून घेतला आणि झाकणांशेजारी टेबलावरच दोन अंक लिहिले. मग ओच्यातून मातीच्या दोन विटा काढून एकेका अंकाखाली ठेवल्या.

"हा एक. हे डावकानी. हा सात. हे उजवकानी. आमी वेगळ्या ठेवल्या होत्या. आता सांगा, वाचता कोणाले येत नाई."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. समोर माझाच खडू होता आणि अक्षर माझ्या शिष्येचं होतं.

"पाटीवर नंबर मी लिहिला," मी म्हणालो. "बाईंनी सांगितलं होतं. चट्टे एकत्र मी करायला लावले."

मग मॅनेजरांनी तो कागद उचलून फायलीत सरकवला. "ठीक आहे. जा कामावर."

"फाडा ते," पार्बताबाई म्हणाल्या.

"आता त्याचं काही नाही."

"काई नाई तं फाडाले काय हरकत हाय?"

मॅनेजरांनी तो फाडला. पार्बताबाईंनी तुकडे गोळा केले, ओच्यात बांधले आणि मगच त्या बाहेर पडल्या.

मला शिक्षा म्हणून काही दिवस सिमेंटच्या गोदामात पाठवलं. परत आलो तेव्हा शेडमधल्या प्रत्येक पाटीवर नंबराशेजारी एक छोटंसं चित्र होतं, कान, उखळ, विळा. ती कोणी काढली हे मॅनेजरांनी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाया माझ्याकडे अक्षरं शिकू लागल्या. पार्बताबाई सगळ्यांत हळू शिकल्या, कारण प्रत्येक अक्षर असंच का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या पुढे जात नसत. "कावून?" हा त्यांचा शब्द. ण असा कावून? माझ्याजवळ उत्तर नसलं की म्हणत, "मग तुमी पाठ केलं, शिकले नाई."

पुढल्या वर्षी भट्ट्या बांधून झाल्या आणि विटांचं काम संपलं. बायांना घरी पाठवायचं ठरलं. जाताना प्रत्येकीला एक दाखला मिळणार होता. पार्बताबाईंनी आपला दाखला तिथेच बोट ठेवून वाचला. 'डोक्यावरून विटा वाहण्याचे काम केले,' असं हिंदीत लिहिलं होतं.

"वाहल्या, ते बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण निवडल्या कोणी? ते लिहा."

"रेजाच्या जागेला तसं काम नसतं."

"जागा नसन. काम तं झालं ना? झालं तसं लिहा."

त्या तीन दिवस ऑफिसच्या दाराशी येऊन बसल्या. बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत, डब्यातली भाकर खाल्ली आणि बसल्या. चौथ्या दिवशी मॅनेजरांनी मला बोलावून नवा दाखला लिहायला सांगितला. विटांचे आकार ओळखणे, निवड करणे व नव्या मजुरांना शिकवणे, असं मी लिहिलं. त्यांनी सही केली.

तो कागद कुठे कामी आला का, असं मी पुढे खूप वर्षांनी, माझं बिऱ्हाड भिलाईतल्याच सेक्टर दोनमध्ये असताना, त्यांना विचारलं होतं. तेव्हा त्या भिलाई-तीनला रेल्वेच्या वस्तीत राहत आणि तिथल्या बायांना लिहायला शिकवत. "दोन जागी दाखवला. दोघंबी हासले," त्या म्हणाल्या. "हासू द्या. लिहिलं ते खोटं हाय का?" त्यानंतर भेट झाली नाही. गेल्याचं कळलं तेव्हा पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं.

मला मात्र त्या आठवतात त्या चौथ्या दिवसाच्या. सही झालेला दाखला त्यांनी उभ्यानं वाचायला घेतला, अक्षर अक्षर लावत. मॅनेजर टोपी घालून निघाले होते, दारात थांबले. शेवटपर्यंत वाचून त्या पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या आणि त्यांचं बोट नावावर थांबलं. मी सवयीनं 'पार्वती' लिहिलं होतं.

"हे माझं नाव नाई."

"एकच असतं ते, बाई," मॅनेजर म्हणाले.

"नाई, साहेब. ते देवीचं. माझं पार्बता."

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मॅनेजरांनी टोपी काढली आणि खुर्चीवर येऊन बसले. मी नवा कागद घेतला.